गाडीच्या दिव्यांचं बटण

दादांच्या गाडीचं पासिंग करायचं होतं आणि घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत तशी दादांची तयारी चालली होती. गाडी दोनदा धुतली, काचा वर्तमानपत्राने पुसल्या, सीटवर आईची धुवट चादर अंथरली. आई दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, पोहे करून ठेवू का तिच्या हातात द्यायला?"

वडिलांना आम्ही लहानपणापासून दादाच म्हणतो. ते टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणते, आणि गल्लीचं ऐकून ऐकून दादाही. दोघं येरवड्याला असतात, मी धायरीला. रविवारी सगळं शहर ओलांडून त्यांच्याकडे जायचं हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हाही ती नवी नव्हतीच. एका डॉक्टरांनी वापरलेली, गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी. गल्लीतल्या किती बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या आणि किती नवरदेव तिच्यातून मिरवले ते दादांनाच माहीत. जयंतीला तिच्या बॉनेटवर निळं निशाण लागायचं आणि दादा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कुणाच्या लग्नात नसतील इतके ताठ बसून गाडी चालवायचे. पुढे गल्लीत पाय ठेवायला जागा नाही इतक्या गाड्या झाल्या, पण ही राहिली. विकायचा विषय निघाला की दादा एकच वाक्य म्हणायचे, "बाईंना आवडते ती." आईला विचारलं तर ती म्हणायची, "मला विचारलंय कुणी?"

दोनेक वर्षांपूर्वी दादांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गाडी चालवता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि दादांनी सांगितलं नाही. रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून गल्लीतून एक चक्कर मारून यायचे, तेवढंच.

पण पासिंगला गाडी आपणच नेणार यावर ते ठाम होते. मी चालवते म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या गाडीला पाय लावला की पळते. हिला समजावून सांगावं लागतं." मग मी शेजारी बसले. ते हळूहळू, पण नीट चालवत होते. स्टिअरिंग धरलं की हाताचा कंप कमी व्हायचा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तपासणीच्या मैदानावर आमचा नंबर यायला दुपार टळून गेली. तपासणारा अधिकारी तरुण होता, आणि गाडी बघून त्याचा चेहरा खुलला. "काका, काय मेंटेन केलीये हो!" दादा एकदम विरघळले. हॉर्न झाला, वायपर झाले, ब्रेक झाले. मग तो म्हणाला, "हेडलाइट लावा."

दादांनी डॅशबोर्डवरचं बटण ओढलं. हे बटण म्हणजे एक काळी गोल मूठ. अर्धी ओढली की छोटे दिवे लागतात, पूर्ण ओढली की मोठे. मोठे दिवे झकास लागले. अधिकारी समोर वाकून बघत होता, काही लिहीत होता, तेवढ्यात दोन्ही दिवे गेले. दादांनी मूठ आत ढकलून परत ओढली. काही नाही. छोटे दिवे मात्र चालू होते.

"लूज असेल काहीतरी," दादा म्हणाले.

"असेल काका. करून आणा. मला लिहावंच लागेल." त्याने बिचाऱ्याने दोनदा सॉरी म्हटलं. आम्ही गाडी मैदानाबाहेर काढली आणि दादांनी पुन्हा बटण ओढलं, तर दिवे हजर. परत आत जाऊन दाखवावं म्हणून वळवेपर्यंत पुन्हा गायब.

परत निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. विश्रांतवाडीच्या अलीकडे रस्ता खोदलेला, समोरून रिक्षांचे दिवे डोळ्यांवर, आणि आमचे दिवे मनाला येईल तेव्हा लागत होते. दादा पुढे वाकून, काचेला नाक लावून चालवत होते. एका ठिकाणी रस्त्यात ठेवलेलं बॅरिकेड त्यांना दिसलंच नाही. मी ओरडले, त्यांनी ब्रेक दाबला. गाडी त्याच्या अगदी पुढ्यात थांबली.

मग त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"चालव तू."

मी सरकून स्टिअरिंगवर गेले. ते माझ्या जागेवर बसले आणि म्हणाले, "दिवे नाहीत म्हणून. नाहीतर मीच नेली असती."

पुढचं थोडंसं अंतर मी छोट्या दिव्यांवर, कडेकडेने, जीव मुठीत धरून कापलं. गिअरचा दांडा मला दर वेळी चुकीच्या घरात नेत होता. दादा एकही शब्द बोलले नाहीत, आणि माझे वडील गाडीत गप्प बसलेले मला त्याआधी आठवत नाहीत.

पुढच्या रविवारी गेले तर दादा तयारीत होते. गाडीपुढे पाट, पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, आणि त्यांनी स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प, म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. वायरीत करंट आहे की नाही ते तो पेटून सांगतो.

"गॅरेजवाल्याला बोलवू या ना," मी म्हणाले.

"तो काय करेल? दिसेल ती वायर कापेल आणि नवीन जोडेल. दोष शोधायचा असतो, बदलायचा नसतो." दादांनी आयुष्यभर बंद पडलेल्या टेलिफोन लाइनी शोधल्या होत्या. मग आपल्या हाताकडे बघून म्हणाले, "डोकं माझं चालेल. हात तुझे लागतील."

मी विमा कंपनीत हप्त्यांचे हिशेब करण्यात नोकरी घालवलेली बाई. पक्कड मी स्वयंपाकघरात वापरते तीच. पण ते ज्या आवाजात म्हणाले, त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं.

सुरुवात त्यांनी सोप्यापासून केली. फ्यूज बघितले, ठीक होते. बल्ब काढले नाहीत, कारण दोन्ही बल्ब एकाच क्षणी जातात आणि एकाच क्षणी येतात, म्हणजे दोष दोघांच्या आधी कुठेतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. बॉडीला जोडलेली अर्थची वायर मी काढली, तिच्याखालचा गंज घासला, परत आवळली. दिवे लावून बसलो. आईने चहा आणला. चहा अर्धा झाला आणि दिवे गेले.

"आता घाई," दादा म्हणाले. "गेलेत तोवर पकडायचं. चल, आत."

मी सीटपुढे खाली पाठ टेकून डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. पाय दाराबाहेर. शेजारच्या वहिनी जाता जाता विचारून गेल्या, "ताई, पडलात का हो?" दादांनी टॉर्च आत धरली. बटणाच्या मागे वायरींचं जंजाळ होतं, आणि टॉर्चचा झोत त्याच्यावर थरथरत इकडून तिकडे पळत होता. वायर दिसायची आणि अंधारात जायची. मला "नीट धरा ना" म्हणायचं तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि चाचपडत राहिले.

झोत एकदम स्थिर झाला. मान वळवून बघितलं तर टॉर्च आईच्या हातात होती. दादांनी मागितलं नव्हतं, आईनेही काही म्हटलं नव्हतं. ती पदर खोचून दाराशी वाकली होती. "सांगा आता तिला पुढचं," ती दादांना म्हणाली.

"जाड लाल वायर दिसते? ती बॅटरीकडून येणारी. तिथे लाव."

टेस्ट लॅम्प लागला.

"आता निळी. ती बटणातून दिव्यांकडे जाते."

लॅम्प लागला नाही.

"म्हणजे करंट बटणापर्यंत येतोय आणि बटणात अडकतोय," दादा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी खुशी ऐकू आली. "सापडला चोर. बटणाला हात लावून बघ."

मी लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला.

बॅटरीची वायर काढून आम्ही बटण बाहेर काढलं. म्हणजे मी काढलं आणि दादांनी मला चार वेळा सांगितलं की जबरदस्ती करायची नाही. मुठीच्या खाली एक बारीक खिट्टी असते, ती दाबली की मूठ सुटते, मग पुढचा नट. पाटावर बटण उघडलं तर आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या ठिक्कर पडलेल्या, आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग मेल्यासारखी. दादांनी ते सगळं डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिलं. पट्ट्या मी पॉलिश पेपरने घासल्या. दादा म्हणाले, "तांब्याचा रंग दिसेपर्यंत. देवळातलं भांडं नाहीये, चमकवत बसू नकोस." स्प्रिंग थोडी ताणली, सगळं परत जोडलं. दिवे लागले. आम्ही जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत दिवे चालू ठेवायचे असं ठरलं होतं. आमटीचं दुसरं वाढप होतं न होतं तोच आई खिडकीतून बघून म्हणाली, "गेले हो."

दादांनी घास खाली ठेवला. "घासलेली पट्टी इतक्यात तापायला नको. बटणातून जास्त ओढ होतेय. एवढं खातंय कोण?"

जेवण तसंच टाकून ते बाहेर गेले. मी मागून गेले. ते म्हणाले, "बल्ब काढ एक. त्याच्या बुडाशी आकडा असेल, वाच."

मी दिव्याची कडी काढून बल्ब फडक्यात धरला. चष्मा पुसून आकडा वाचला. "शंभर लिहिलंय."

दादांनी फडक्यासकट बल्ब माझ्याकडून घेतला.

"जास्त आहे का?"

"जवळजवळ दुप्पट," ते म्हणाले. "हे बटण एवढ्या ओझ्यासाठी केलेलंच नाही." आणि मग ते घराच्या पायरीवर बसले.

हे बल्ब आले कुठून, असं मी विचारणार होते. पण आई दारात येऊन उभी होती आणि तिने दादांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून, विचारू नकोस अशी मान हलवली. तरी तिनेच बोलायला सुरुवात केली. "वाघोलीहून आलो होतो आपण. तुमच्या पुतण्याच्या घरभरणीहून. आठवतं? तुम्ही म्हणालात, कंपनीचे बल्ब मंद झालेत. दुसऱ्या दिवशी जाऊन हे आणलेत."

"आठवतंय."

"मंद नव्हते झाले."

"नव्हते झाले, बाई." दादा दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसले होते. "मला दिसत नव्हतं. त्या रात्री सगळा रस्ता मी पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर आलो. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही."

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "मी सगळा रस्ता तुमच्या बाजूने बघत बसले होते. खड्डा आला की सांगत होते ना? तुम्हाला वाटलं मी उगाच बडबडतेय."

पुढे दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला बरं झालं, पण ते भडक बल्ब तसेच राहिले आणि इतकी वर्षं बिचारं बटण भाजत राहिलं. हे मला त्या पायरीवर समजलं. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. माझी आई, जिला गाडी चालवता येत नाही, ती अंधारात माझ्या वडिलांचे डोळे होऊन वाघोलीपासून येरवड्यापर्यंत आली होती, आणि दोघांनी ही गोष्ट एकमेकांपासून इतकी वर्षं जपून ठेवली होती.

मी म्हणाले, "मग आता साधे बल्ब टाकू आणि नवीन बटण शोधू."

"साधे बल्ब टाकूच," दादा म्हणाले. "पण बटण नवीन नको. हे हिचं आहे. याचं ओझं काढून घेऊ." ते उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्याचा उजेड होता. "रिले टाकू."

रिले म्हणजे काय ते त्यांनी मला आणि आईला दोघींना समजावलं, आणि आईला ते नक्कीच आधीपासून माहीत असणार, कारण लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आली होती. बटणाने स्वतः करंट वाहायचाच नाही. त्याने फक्त निरोप द्यायचा. निरोप मिळाला की रिले नावाची छोटी डबी आतल्या आत आपला संपर्क जोडते आणि बॅटरीकडून दिव्यांपर्यंतचं ओझं ती उचलते. "आमचं जुनं एक्स्चेंज म्हणजे काय होतं? हॉलभर रिले. कुणी पुण्यातून नंबर फिरवला की सगळ्या हॉलमधून टकटक टकटक आवाज जायचा. आवाजावरून कळायचं कुठली रांग आजारी आहे." बोलताना त्यांचं बोट हवेत टकटक करत होतं. हात कापत होता की एक्स्चेंज चालू होतं, मला सांगता आलं नसतं.

नाना पेठेतून मी रिले, होल्डर, जाड वायर आणि साधे बल्ब घेऊन आले. दुकानदाराला दादांनी फोनवरून इतके प्रश्न विचारले की तो मला म्हणाला, "मॅडम, काकांनाच काउंटरवर बसवू का?"

पुढचा रविवार सगळा बॉनेटखाली गेला. दादा खुर्चीवर, मी वाकलेली, आई टॉर्च घेऊन. एकदा मी वायर उलट जोडली आणि मूठ आत ढकलली तरी दिवे चालूच राहिले. दादा म्हणाले, "छान. आता रात्रभर गल्लीला उजेड दे." एकदा त्यांनी चुकीचं सांगितलं, मी तसंच केलं, फ्यूज उडाला. त्यावर ते म्हणाले, "बरोबर सांगितलं होतं, तू चुकीचं ऐकलंस." आई म्हणाली, "मी दोन्ही ऐकलं. तुम्हीच चुकलात." त्यांनी मान्य केलं नाही, पण नवीन फ्यूज स्वतःच्या हाताने बसवायला घेतला. बराच वेळ लागला. फ्यूज खाचेच्या आजूबाजूला फिरत राहिला. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. बसला.

मग मी आत जाऊन मूठ ओढली. पुढून, बॉनेटखालून, एक स्वच्छ "टक्" आवाज आला आणि दिवे लागले.

"परत," दादा म्हणाले.

मी ढकलली, ओढली. टक्.

"परत."

किती वेळा केलं ते सांगता येणार नाही. ते बॉनेटवर कान वाकवून उभे होते, डोळे मिटून. शेवटी आई म्हणाली, "अहो, झिजेल तो." तेव्हा ते सरळ झाले. त्यांचे डोळे भरलेले होते, पण ते म्हणाले, "पेट्रोलचा वास डोळ्यांत जातो."

त्या दिवशी दिवे जेवणभर, चहाभर आणि शेजारच्या वहिनी गप्पा मारून जाईपर्यंत चालू राहिले. मूठ हाताला गार होती.

पासिंगला परत निघालो तेव्हा दादांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि पुढच्या डाव्या दाराकडे गेले. तिथे आई आधीच बसली होती.

"बाई, मागे बसा ना. मला तिला सांगावं लागेल."

"ही जागा माझी आहे," आई म्हणाली. "गाडी घेतली तेव्हापासून. तुम्ही मागे बसा, मागूनही तुमचा आवाज पोचतो."

आणि माझे वडील, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले. आवाज खरंच पोचत होता. "क्लच सोड, हळू, हळू... आता दुसरा... तो दुसरा नव्हे." येरवड्यापासून मैदानापर्यंत ते एक क्षण थांबले नाहीत. मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम एक गिअर चुकवला.

अधिकारी तोच होता. त्याने ओळखलं. "काका, झाले का दिवे?" मी मूठ ओढली. तो वाकून बघत राहिला, मग मागे सरकून बघत राहिला. दादा मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला रिलेबद्दल सांगायला लागले, आणि मागच्या रांगेतला टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला, तरी त्या मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग कागदावर सही केली आणि म्हणाला, "पाच वर्षांनी भेटू, काका."

"मी असेन की नाही माहीत नाही," दादा म्हणाले, "गाडी येईल."

"असं बोलायचं नाही परक्या माणसापुढे," आई पुढे बघतच म्हणाली.

आता रविवारची चक्कर मी मारते. दोघंही येतात. कधी नदीपर्यंत, कधी नुसतीच गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत. दादांचा हात पूर्वीपेक्षा जास्त कापतो, आणि जेवताना आई त्यांच्या ताटाशेजारी चमचा ठेवते, जो ते बघितलाच नाही असं दाखवून वापरतात. गाडीत मात्र ते मागच्या सीटवर आईच्या अगदी मागे बसतात, दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवून, आणि त्यांचा उजवा हात जिथे येतो तिथे आईचा खांदा असतो. ती खांदा हलवत नाही. ते मला सिग्नल सांगतात, ती त्यांना गप्प राहायला सांगते, आणि मी दोघांचंही ऐकत, सावकाश, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी चालवत राहते.